जिथं नाही म्हणता येतं

आमच्याकडं सोयरिकीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. पोरगा काय करते, वावर किती, ओलीत हाये का कोरडवाहू, नोकरी असली तर सरकारी का प्रायव्हेट, घरी बहिणी किती लग्नाच्या राहिल्या. पोरीबद्दल त्याहून कमी विचारतात, शिकली किती, रंग कसा, कामाले कशी हाये. आधी मामा नाहीतर गावातला एखादा मध्यस्थ फिरायचा, आता बायोडाटा व्हॉट्सॲपवर फिरतो, प्रश्न मात्र तेच. मी या प्रश्नांना नावं ठेवणार नाही. ज्या बापानं घरात कापूस भरून ठेवून भाव वाढायची वाट पाहिली आणि शेवटी व्यापारी म्हणेल त्या भावात विकला, त्याला आपल्या पोरीनं तेच परत भोगू नये असं वाटणारच, म्हणून तो पगाराची स्लिप शोधतो. आणि त्यामुळंच आज आमच्या भागात वावरात कष्ट करणारी चांगली चांगली पोरं तिशी ओलांडून बिनलग्नाची बसली आहेत, हेही खरंय.

पण या सगळ्या विचारपुशीत एक गोष्ट कोणीच पाहत नाही. समोरच्यानं नाही म्हटलं तर हा माणूस काय करतो? बायकोनं, मायनं, मजुरानं, लहान भावानं, कोणीही. मला विचाराल तर माणूस कळायची सगळ्यात पक्की जागा तीच आहे. हे मी कुठं वाचून म्हणत नाहीये, बचत गटाच्या मिटींगा घेता घेता हे माझ्या मनात बसत गेलं.

मी राळेगाव तालुक्यातली, यवतमाळ जिल्हा. उमेद, म्हणजे सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्याच्या बचत गटांचं काम करते, म्हणजे मिटींग घ्यायची, पुस्तकं लिहायची, बँकेचे कागद करून द्यायचे. एका गटात दहाबारा बाया, आठवड्याला बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज, मग बँकेचं लोन. कागदावर सगळं बाईच्या नावावर असतं, पासबुक तिचं, सही तिची, हप्ता थकला तर फोनही तिलाच येतो. पण "कर्ज कायले पाहिजे" म्हणून विचारलं की अर्ध्या बाया म्हणतात, घरी विचारून सांगते. घरी विचारण्यात काही वाईट नाही, मीही विचारते. वाईट हे की घरचे तिला विचारत नाहीत. बैलजोडी विकली ते तिला दावणीवरून कळतं, पोरीचं ठरवलं ते पाहुणे उठून गेल्यावर कळतं. आणि त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे दारू न पिणारे, हात न उचलणारे, गावाच्या हिशोबानं भले माणसं आहेत. मारत नाही म्हणजे चांगला, एवढ्या खालची रेष आपण आखून ठेवली आहे.

आमच्या एका गटाच्या अध्यक्ष एक आजी आहेत, बौद्धवाड्यातल्या. शाळा चौथीपर्यंत, पण पुस्तकात एक रुपयाचा फरक असला तर त्यांना आधी दिसतो. एकदा मिटींगमधे एका नव्या सुनेनं घरी विचारून सांगते म्हटलं तर त्या तिला रागावल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "विचार बाई, पण त्याईनंबी तुले विचारलं पायजे, बाबासाहेबांनी सांगतलं हाय नागपूरले." मग त्यांनी सासूकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. ते भाषण मी नंतर शोधून वाचलं. 20 जुलै 1942, नागपूर, दलित महिलांची परिषद. स्वच्छ राहा, पोरांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, असं सगळं सांगून बाबासाहेब म्हणाले की लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीनं नवऱ्यासमोर त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची दासी व्हायला नकार द्यावा. 1942! आमच्यापासून दोनअडीच तासांच्या अंतरावर, हजारो बायांसमोर. त्या बायांमधे शेतात मजुरी करणाऱ्या होत्या, गिरणीत राबणाऱ्या होत्या, आणि त्यांना कोणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की नवरा हा मित्र असू शकतो. आजीच्या सासूला ते पोचलं, तिच्याकडून आजीला, आजीकडून त्या मिटींगमधे मला. लग्नाचं माझं वय घरात रोज निघत होतं तेव्हा मी ठरवलं, मैत्री होईल असा माणूस भेटला तर ठीक, नाहीतर पुस्तकं लिहिणं चालूच आहे.

तो नदीपलीकडचा. वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, बाजार मात्र आमचा दोघांचाही हिंगणघाटचाच. सहा एकर वावर, त्यात कापूस, तूर, सोयाबीन, आणि जोडीला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं काम. आमच्या महिलांच्या ग्रामसंघानं पंप भाड्यानं द्यायला घेतले होते, ते बिघडले की तो यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा पंप खोलायच्या आधी त्यानं बायांना विचारलं, फवारणार कोण? बाया म्हणाल्या, माणसं फवारतात, आमी पाणी आणतो. तो म्हणाला, मग पाणी आणणाऱ्यालेबी मास्क लागते.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी हे सांगायला पाहिजे. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं मेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, माणूस आत शिरला की दिसायचा नाही, फवारा वरून अंगावर यायचा, उकाडा एवढा की अंगावर कपडा ठेववत नव्हता, आणि औषधं एकात एक मिसळून मारली जात होती. मेलेल्यांमधे मजूर खूप होते. ज्यांचं वावर नव्हतं, पीक नव्हतं, फक्त रोज होता. त्यानंतर काही दिवस किट वाटपाचे फोटो आले पेपरात, मग पुन्हा सगळे पूर्वीसारखं उघड्या अंगानं फवारायला लागले.

त्याच्या वावरात मी एकदा गेले होते, त्यांच्या गावच्या बायांना गटाची माहिती द्यायची होती आणि अर्ध्या बाया त्याच्याच वावरात निंदणाला होत्या. बाजूच्या तुकड्यात फवारणी चालू होती. औषध कालवून झालं होतं, दोन पंप मारून झाले होते, आणि फवारणारा मजूर येऊन म्हणाला, भाऊ डोकं जड वाटून राह्यलं, मले नाई जमत. आता ज्यांनी शेती केली त्यांना माहीत आहे, कालवलेलं औषध ठेवता येत नाही, आणि महागाचं असतं. मी पाहत होते हा काय करतो. त्यानं त्याला सावलीत बसवलं, कपडे बदलायला लावले, साबणानं हात धुवायला लावले, अर्धा तास बोलत बसला आणि मग गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. औषध गेलं ते गेलं. संध्याकाळी मजुराच्या घरी पूर्ण दिवसाचा रोज पोचवला, हे मला त्यानं नाही सांगितलं, त्या मजुराच्या बायकोनं सांगितलं, कारण ती निंदणात होती आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना बोलली.

त्या दिवशी मला तो आवडला. सरळ लिहिते, कारण आमच्याकडे पोरीनं हे लिहायचं नसतं. त्याचे डोळे, बोलणं, गाडी चालवणं हे सगळं नंतर आवडलं, आधी हे आवडलं की एका मजुरानं नाही म्हटलं आणि याच्या चेहऱ्यावर राग आला नाही.

मग फोन सुरू झाले. आधी पंपाचे, मग पावसाचे, मग पावसाच्या निमित्तानं सगळ्याचे. तो मला मॅडम म्हणायचा आणि मी त्याला भाऊ, कारण गावात सगळ्यांना भाऊच म्हणतात, पण मग दोघांनाही ते अवघड व्हायला लागलं आणि आम्ही काहीच न म्हणता बोलायला लागलो. आम्ही काय बोलायचो म्हणाल तर पैशाचं खूप बोललो. त्यानं मी न विचारता सांगितलं की सोसायटीचं पीककर्ज किती आहे, मागच्या वर्षीचं किती थकलं, वडलांच्या आजारपणात घेतलेलं नातेवाईकाचं किती द्यायचं आहे. मी सांगितलं की माझं मानधन किती आणि ते कधी कधी किती महिने येत नाही, आणि लहान भावाच्या फार्मसीच्या फीचा अर्धा भार माझ्यावर आहे, लग्नानंतरही राहील. तो म्हणाला, राहू दे ना, त्याले मधात कायले सोडतं. प्रेमात पडलेल्या माणसांनी कर्जाचे आकडे सांगायचे नसतात असं असेल तर मला माहीत नाही, माझ्या जवळचं तर सगळ्यात जास्त तेच बोलणं आहे. ज्या माणसानं आपली कमी बाजू आधी मांडली त्याच्यापुढं मलाही काही झाकायची गरज वाटली नाही.

आमचं पहिलं मोठं वाजलं ते मजुरीवरून. मी विचारलं, निंदणाच्या बाईचा रोज आणि माणसाचा रोज यात एवढा फरक काऊन? तो म्हणाला गावात जो भाव चालते तोच मी देतो, आणि माणसं सकाळी सातला येतात, बाया अकराला येतात अन् पाचला जातात. मी म्हटलं, अकराला येतात कारण सकाळी पाचपासून त्या घरचं पाणी, स्वयंपाक, पोरं, म्हातारे सगळं करून येतात, त्याचा रोज त्यांना कोणी देते काय? त्याला ते पटलं नाही. म्हणाला घरचं काम मी कसं मोजू माह्या वावराच्या हिशोबात. फोन ठेवला दोघांनीही, आणि मला खरंच वाटलं की संपलं.

मग त्याचा फोन आला. माफी बिफी काही नाही. म्हणाला, मी तासाचा हिशोब काढून पाह्यला, तासावर धरलं तरी बाईचा रोज कमीच पडते, हे बराबर नाही. बाकीचं तुझं मले अजून पटलं नाही, पण हे पटलं. आणि त्यानं पुढच्या आठवड्यापासून निंदणाचा रोज तासाच्या बरोबरीनं केला. त्यावरून त्याच्या गावात बोलणी झाली, भाव वाढवून ठेवला म्हणून शेजारच्या धुऱ्यावाल्यानं काही दिवस बोलणं सोडलं. घरच्या कामाच्या मोलावर आमचं अजूनही एकमत नाही, पूर्ण तर नाहीच. मला ते चालतं. माझं सगळंच पटणारा माणूस मला नको होता, माझं ऐकून घेऊन वही उघडणारा पाहिजे होता.

मूल्यं जुळणं म्हणतात ते मला असं दिसलं. सारखी पुस्तकं, सारखी गाणी, एकाच महापुरुषाचा डीपी यानं ते कळत नाही. दोघांना एकच गोष्ट अन्याय वाटते का, आणि वाटली तर स्वतःच्या खिशाला झळ लागेपर्यंत ती वाटत राहते का, यानं कळतं.

त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. म्हणजे आत्ता नाही. आईचं ऑपरेशन व्हायचं होतं, भावाचं वर्ष होतं, आणि मला स्वतःलाही वेळ पाहिजे होता. हे सांगताना माझे हात थंड पडले होते. का पडले होते हे बाहेरच्या माणसाला कदाचित कळणार नाही. फेब्रुवारी 2020 मधे हिंगणघाटात, आमच्या रोजच्या बाजाराच्या गावात, कॉलेजात शिकवायला चाललेल्या एका मुलीला एकतर्फी प्रेमातून भर रस्त्यावर पेटवून दिलं होतं. आठवड्यानं ती गेली. पेटवणाऱ्याला पुढं 2022 मधे जन्मठेप झाली, पण आमच्या भागातल्या पोरींच्या मनात त्या सकाळची भीती राहिली ती राहिलीच. तेव्हापासून कितीतरी घरी पोरीचं कॉलेज बंद झालं, म्हणजे शिक्षा पुन्हा पोरींनाच. नाही म्हणणं ही आमच्यासाठी नुसती बोलायची गोष्ट नाहीये. पोरगी नाही म्हणायच्या आधी रस्ता कोणता, वेळ कोणती, सोबत कोण याचा विचार करते.

तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्या दिवशी आला, आणि आवाज तोच होता. वाईट वाटलं का म्हणून मीच विचारलं तर म्हणाला, वाटलं, झोप नाही आली, पण तू काही चूक नाही केली. त्यानंतर कितीतरी महिने त्यानं तो विषय काढला नाही, मित्रांकडून निरोप नाही, स्टेटसला दुःखी शायरी नाही, माझ्या गावावरून विनाकारण गाडी नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात रक्त द्यायला आला, देऊन गेला, वॉर्डात थांबून घरच्यांच्या नजरेत भरायचा प्रयत्नही केला नाही. हो म्हणायचं मी त्या काळात ठरवलं. नकारानंतरचे ते महिने मला आमच्या सगळ्या गोड बोलण्यापेक्षा जास्त सांगून गेले.

जात वेगळी आहे आमची. त्यामुळं हो म्हटलं तरी पुढचं सोपं नव्हतंच. बाबांना सांगितलं तेव्हा ते खळ्यात तूर झोडत होते, थांबले नाहीत, झोडतच राहिले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "लोकाईले काय सांगू मी?" पोरगा वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत, शेतकरी आहे यालाही त्यांचं काही नव्हतं, फक्त लोक. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पळून जायचा विषय आमच्या दोघांत एकदाच निघाला आणि दोघांनीही तो नको म्हटलं. ज्यांना जिवाची भीती आहे त्यांनी पळावं, त्यांना दुसरा रस्ता ठेवलेलाच नसतो, माझ्या बाबांकडून मला तशी भीती नव्हती. म्हणून मी त्यांना सांगितलं, तुम्ही नाही म्हणा, मी ऐकून घेते, थांबते, पुन्हा विचारते. पण तुमचं नाही हे माझ्या लग्नाचा शेवटचा शब्द नाही.

आमच्या विदर्भाची मला या बाबतीत गंमत नाही, कोडंच वाटते. इथल्या मातीत या विषयावर काम करून गेलेली केवढी माणसं. सेवाग्रामला राहत असताना गांधीजींनी उतारवयात ठरवून टाकलं होतं की दोघांपैकी एक जण दलित असेल अशाच लग्नाला आशीर्वाद देईन. पंजाबराव देशमुखांनी 1927 मधे, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं, त्या लग्नानंतरही शिकल्या, पुढं राज्यसभेवर गेल्या. पंजाबरावांचा फोटो आमच्या प्रत्येक शाळेत, सोसायटीत लावलेला आहे, बाबा त्याला नमस्कार करतात, आणि तरी लोकाईले काय सांगू. मी हेच त्यांना बोलले. ते काही बोलले नाहीत पण मला वाटतं ते लागलं त्यांना.

मोकळा रस्ता केला आजीनं. माझी आजी, बाबांची आई, गाडगेबाबांना लहानपणी पाहिल्याचं सांगते. तिला गाडगेबाबांचं कीर्तन आठवतं ते एवढंच की लग्नासाठी कर्ज काढू नका, देवाला कोंबडं बकरं मारू नका, पोराला शिकवा. ती माझ्या बाबांना म्हणाली, "माह्या लग्नात तुह्या आज्यानं वावर गहाण टाकलं, ते सुटता सुटता तो मेला. हे पोट्टे म्हणते हुंडा नाई, बस्ता नाई, काई नाई. आन तू म्हणतं लोकं. लोकं येतात काय रे गहाण सोडवाले?" हुंड्याचा कायदा 1961 चा आहे, पण आमच्याकडं हुंडा शब्द गेला आणि गाडी आली, फ्लॅटला मदत आली, "तुमच्या खुशीनं द्या" आलं. आजीला कायदा माहीत नाही, गहाण माहीत आहे.

मग बाबा एकटे नदीपलीकडे त्यांच्या घरी जाऊन आले, आम्हाला न सांगता. त्या घराची गोष्ट वेगळी लिहिण्यासारखी आहे. त्याची आजी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतली. नोव्हेंबर 1986 मधे नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं जे मोठं अधिवेशन झालं, लाखांनी बाया जमल्या होत्या, त्याला ती गावातल्या बायांसोबत भाकरी बांधून गेली होती, छातीला संघटनेचा लाल बिल्ला लावून. नंतर शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम काढला, की बायकोचं लक्ष्मीचं ऋण आहे, तिच्या नावानं जमीन करा, तेव्हा त्याच्या आजोबांनी दोन एकर तिच्या नावावर केली. लोक हसले असतील, कोणी बाईलवेडाही म्हटलं असेल. पण त्या घरात तेव्हापासून सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे, बँकेत बाई जाते, बी कोणतं घ्यायचं हे बाईला विचारलं जातं, आणि त्या घरात वाढलेल्या पोराला ते वेगळं काही करतोय असं वाटतच नाही. मला त्याच्यात जे दिसलं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. तीस पस्तीस वर्षांपूर्वी तलाठ्याकडे केलेल्या एका फेरफाराची ती कमाई होती. बाबांनी परत येऊन सांगितलं ते एवढंच की त्यांच्या इथं बाया पंगतीत माणसांसोबत जेवतात. आणि चार दिवसांनी म्हणाले, तारीख पाहा.

मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा त्याच्या आईनं, म्हणजे आता माझ्या आत्याबाई, मला चहा दिला आणि विचारलं, तुले काय काय आवडत नाही ते सांग पहिले. आवडीचं मी हळूहळू शिकन. मला वाटते कुठल्याच बायोडाट्यात हा कॉलम नसेल. मी सांगितलं, कोणी माझा फोन तपासलेला आवडत नाही, आणि वांग्याची भाजी रोज रोज आवडत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, वांग्याचं अवघड हाये.

लग्न रजिस्टर केलं, विशेष विवाह कायद्याखाली, 1954 चा तो. यवतमाळला विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती तीस दिवस बोर्डावर राहते, कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. मग तीन साक्षीदार आणि सह्या. ज्या जोडप्यांच्या मागं घरचे लागलेले असतात त्यांच्यासाठी ते तीस दिवस किती जीवघेणे असतील हे त्या बोर्डासमोर उभं राहिल्यावर कळलं, आमचे फोटो तिथं सगळ्यांना दिसत होते आणि मला त्या दुसऱ्या, भेदरलेल्या पोरीपोरांचीच आठवण येत होती. नंतर अंगणात सत्यशोधक पद्धतीनं लग्न लावलं, जोतिराव फुल्यांनी 1873 मधे सुरू केलेली ती पद्धत, त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी स्वतः बोलते, बायांचे हक्क देशील का म्हणून विचारते आणि नवरदेवाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. गटाच्या अध्यक्ष आजी साक्षीदार होत्या. जेवण पाटवडी रस्सा, भात, बुंदी. कर्ज नाही. बाबांचे दोन चुलतभाऊ आले नाहीत, अजून बोलत नाहीत.

काम मी सोडलं नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की सोडेल, माझ्या आईनंही. स्कूटीनं पूल ओलांडून येते, पावसाळ्यात पुलावर पाणी आलं की राहते माहेरी. पहिल्या पावसाळ्यात गावात एक जण त्याला म्हणाला, बायको पाचपाच दिवस बाहेर राहते, तुले चालते कसं? तो म्हणाला तिचं काम हाये ते. नुसतं एवढं बोलला म्हणून मी हुरळून जाणार नाही, बोलायला बरेच जण बोलतात. पण मी नसते तेव्हा माझ्या वाटणीचं काम आत्याबाईंच्या अंगावर पडत नाही, कणीक तो मळतो, भांडी तो घासतो, भाकर अजून गोल येत नाही त्याला.

आणि भांडतो आम्ही. आवाज चढतो, माझा जास्त. पण नाही म्हटलं की ते नाही दोघांनाही ऐकू जातं, दुसऱ्या दिवशी ते घरात पडलेलं असतं, कोणी पायानं सरकवून देत नाही. आत्ता म्हशीवरून चालू आहे. त्याला लोन घेऊन दोन मुऱ्हा म्हशी घ्यायच्या आहेत, सोयाबीनवर यलो मोझॅक रोग आल्यापासून त्याचा पिकावरचा भरवसा उडाला आहे, दूध रोज पैसा देते म्हणतो. मी नाही म्हटलं आहे, कारण कडबा विकत घ्यावा लागेल, ज्वारी आमच्याकडं पेरतो कोण आता, आणि म्हशीचं शेण, पाणी, धार हे शेवटी कोणाच्या अंगावर येते ते मी दहा घरी पाहिलेलं आहे. आत्याबाई म्हणतात म्हशी राहू द्या, बकऱ्या घ्या, चार बकऱ्यांनी घर चालवलेलं मी पाह्यलं हाये. रविवारी बसायचं ठरलं आहे तिघांनी. संकलन केंद्रावर जाऊन फॅटला काय भाव देतात ते तो आणणार, बँकेचा हप्ता किती येईल ते मी काढणार, आणि बकरीचा हिशोब आत्याबाई तोंडी सांगणार आहेत.